सौभाग्याच्या डब्यावरची बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी मंडळाचे माननीय जानरावजी. मुंबईहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या पूनम मॅडम. आमचे आजपर्यंतचे मालक प्रेमशेठ. व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेल्या सत्कारमूर्ती सुवर्णा नारखेडे. समोर बसलेल्या कटिंग, शिलाई आणि पॅकिंगच्या माझ्या सगळ्या बायका. त्यांना घरी न्यायला आलेली त्यांची माणसं. आणि मागं भिंतीला टेकून जेवणाची वाट पाहणारे मलकापूरकर बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मी समता तायडे. पॅकिंग खात्याची प्रमुख, निदान आज संध्याकाळपर्यंत तरी.

निरोपाचं भाषण गोड असावं, आटोपशीर असावं, आणि नंतर पंगत असल्यामुळे लवकर संपावं, असं मला संयोजकांनी बजावलं आहे. मी तसं भाषण लिहूनही आणलं होतं. ते माझ्या पर्समध्ये आहे आणि आता तिथंच राहील. का, ते पुढं कळेल. अध्यक्षमहोदय, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा घड्याळाकडे बघू नका.

आधी एक गोष्ट मोकळी करते. आपल्या निमंत्रणपत्रिकेत छापलंय, 'वस्त्रनिर्मिती क्षेत्रातील एका पर्वाची सांगता.' कुठलं वस्त्र, ते पत्रिकेत नाही. माझ्या आधीच्या वक्त्यांनी 'महिलांच्या उपयोगाची वस्तू' असं म्हणून वेळ मारून नेली. मी त्यांना बोल लावत नाही, त्यांची सून समोर बसली आहे. पण आम्ही बायकांनी आयुष्यभर ज्याच्यासाठी मान मोडून काम केलं, त्याचं नाव निरोपाच्या दिवशीसुद्धा घ्यायचं नाही का? आम्ही बॉडी शिवत होतो. शहरात तिला ब्रा म्हणतात आणि पूनम मॅडम लाँजरी म्हणतात. शब्द बदलला तरी हूक मागंच लागतो.

हसा. आज हसायला दुसरं फारसं काही नाही. उद्यापासून आपला कारखाना बंद. शिलाई आता दुसऱ्या राज्यात होणार, तिथं मजुरी कमी आहे म्हणतात. सकाळी मशीनवर शेवटची झाकणं घालताना बायका रडल्या, आणि मी त्यांच्यावर ओरडले, की कापड ओलं करू नका. आता कोणासाठी कोरडं ठेवायचं होतं ते, मलाही सांगता यायचं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला या गावात कोण कामावर घेणार, हे मला माहीत नाही आणि इथं बसलेल्या कोणाला माहीत असेल तर त्यांनी पंगतीत मला गाठून सांगावं.

जरा थांबते. गाडी जाऊ द्या. स्टेशनाजवळचं कार्यालय स्वस्त पडतं, पण वक्त्याचा जीव जातो.

तर, 'सौभाग्या.' कैलासवासी भगवानरावांनी हा कारखाना काढला तेव्हा ते एका जिनिंगमध्ये कारकून होते. सरकी आणि रुई यांच्यापलीकडे त्यांना कापसाचं काही कळत नव्हतं. पण त्यांना एक गोष्ट दिसली. आठवडी बाजारात बॉडी विकणारा पुरुष, आणि घेणारी बाई तोंड उघडायला तयार नाही. बांगड्यांच्या दुकानात बांगड्या घ्यायच्या, आणि मग कासाराला नुसत्या डोळ्यांनी मागची पेटी दाखवायची. कासार हाताला लागेल ती पुडी कागदात गुंडाळून द्यायचा. लहान झाली तर बहिणीला, मोठी झाली तर सासूला. परत करायला कोण जाणार?

भगवानरावांनी काय केलं, तर डबा काढला. पुठ्ठ्याचा गुलाबी डबा, त्यावर नुसतं एक गुलाबाचं फूल, आणि नाव असं ठेवलं की घरच्या थोरल्या बाईनंही नाक मुरडू नये. बाईनं फुलावर बोट ठेवायचं, बस्स. 'फुलवाली' या नावानं आपला माल धामणगाव बढ्यापासून लोणारपर्यंत पोचला. जाहिरात नाही, रेडिओ नाही. डब्यावर बॉडीचं चित्रसुद्धा नाही. मॅडम, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण बायकांचं तोंड न उघडता काम होत होतं.

मग व्हायचं ते झालं. फूल कोणालाही काढता येतं. वर्षा-दोन वर्षांत तीन ठिकाणची तीन फुलं बाजारात आली, पहिल्याच धुण्यात इलॅस्टिक ढिलं पडणारी. बायका आपल्याच नावानं बोटं मोडू लागल्या. भगवानराव म्हणाले, आता असं काही पाहिजे की ज्याची कोणाला नक्कल करता येणार नाही. चेहरा पाहिजे.

कोणाचा चेहरा? नव्वद साल होतं. मलकापुरात बॉडीच्या डब्यासाठी कोणती बाई उभी राहणार होती? भगवानराव गेले गजेंद्र पेंटरकडे. जुन्या लोकांना गजेंद्र आठवत असेल. ट्रकच्या मागचे मोर, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या भिंती, सगळं तोच रंगवायचा. भगवानरावांनी त्याला जे सांगितलं ते मला त्या गजेंद्रनंच पुढं ऐकवलं. "गजेंद्र, अशी बाई काढ, का पाहून माणसाले आपली वयनी आठवली पायजे. डोक्यावर पदर, कपायाले कुंकू, गयात मंगयसूत्र. बॉडी काढू नोको. नुसती बाई काढ."

म्हणजे बघा, केवढी मर्यादा! माल कोणता, ते डब्यावर दिसू द्यायचं नाही, आणि बाई लग्न झालेलीच हवी, कारण बिनलग्नाची मुलगी बॉडीच्या डब्यावर आली तर लोक काय म्हणतील. इतका विचार त्यांनी केला होता. मी हे उपरोधानं बोलत नाही. थोडं बोलते आहे.

गजेंद्रला मनातून चेहरा काढता येत नसे. मोर यायचा, वाघ यायचा, माणूस समोर लागायचा. त्याच्या शेडला लागून फोटो स्टुडिओ होता. त्या स्टुडिओच्या काचेत नमुना म्हणून एका मुलीचा मोठा केलेला फोटो लावला होता. गजेंद्रनं तो एका दिवसासाठी उसना घेतला. स्टुडिओवाल्यानं तो दिला. दोघांपैकी कोणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं. चांगला चेहरा आहे, एवढंच त्यांना वाटलं.

तो फोटो सुवर्णाचा होता.

सुवर्णा, मी सांगते आहे. तू पाणी पी.

तो फोटो काढायला मी तिच्याबरोबर गेले होते, म्हणून मला त्यातलं सगळं माहीत आहे. आम्ही एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या. तिचं घर शेतकऱ्याचं, माझे वडील रेल्वेत. फोटो स्थळासाठी काढायचा होता. मोरपंखी पातळ तिच्या वहिनीचं होतं आणि कानातले झुमके माझे होते. स्टुडिओवाला म्हणाला, हसू नका, स्थळवाल्यांना हसरी मुलगी चालत नाही. म्हणून तिनं ओठ मिटले, पण डोळ्यांत हसू राहून गेलं. तिच्या त्या फोटोची एक प्रत धामणगाव बढ्याला एका घरी गेली. मुलगा मोताळ्याला शाळेत मास्तर होता. ते लोक येऊन गेले, पसंती झाली, साक्षगंध झालं.

त्या मुलानं पाहण्याच्या वेळी तिला एक प्रश्न विचारला होता. लग्नानंतर तुम्हाले बी.ए. पुरं करायचं हाय काय? हे वाक्य ती मला इतक्या वेळा ऐकवायची, की मी चिडून म्हणायचे, आता त्याच्या दुसऱ्या वाक्याची वाट पाह्य. दुसरं वाक्य कधी आलंच नाही.

नवे डबे बाजारात गेले. लग्नाला महिना राहिला होता. मुलाची आई, झुंबरबाई, धामणगावच्या आठवडी बाजारात कासाराकडे बसली असताना त्यानं कौतुकानं नवा डबा पुढं केला. बाईनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. डबा विकत घेतला, पिशवीत घातला, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं मलकापूरला आली. मी तेव्हा सुवर्णाच्या घरीच होते, आम्ही रुखवताच्या वाती वळत बसलो होतो. झुंबरबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. खाटेवर एका बाजूला तो फोटो ठेवला आणि एका बाजूला डबा.

"हे कोन हाय?"

"आमची सुवर्णा," सुवर्णाचे वडील म्हणाले.

"मंग हे कोन हाय?"

वडिलांनी डबा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांना कसला डबा आहे तेच कळत नव्हतं. "हे बी... तिच्यावानीच दिसते वं बाई."

"तिच्यावानी नाही, थेच हाय. पातय थेच, झुमके थेच. अन् गयात हे काय हाय?" झुंबरबाईचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "लेकीचं पह्यलं लगन झालं होतं तं सांगाले पायजे होतं ना तुमी. मोडलं काय? का थो मेला? आमाले काऊन फसवलं?"

बघा, हा आक्षेप लाजेचा नव्हता. बॉडीच्या डब्यावर मुलगी आली कशी, हे तिनं त्या दिवशी विचारलंच नाही. गळ्यात मंगळसूत्र आहे, म्हणजे लग्न झालेलं आहे. चित्र कोणी खोटं कशाला काढेल? तिच्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं, हे मी आज कबूल करते, कारण त्या वेळी मी तिला दारापर्यंत जाऊन नाही नाही ते बोलले होते.

सुवर्णाचे वडील तो डबा धोतराच्या सोग्यात लपवून भगवानरावांकडे गेले. भगवानराव हादरले. ते वाईट माणूस नव्हते, हे त्यांच्या चिरंजीवांसमोर, प्रेमशेठसमोर, मी मुद्दाम सांगते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, की आपण स्वतः धामणगावला जायचं आणि समजूत काढायची. बरोबर गजेंद्रला घेतलं. पुरावा म्हणून ब्रश आणि रंगाच्या डब्यासकट.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मुलाच्या घरी ओसरीवर भावकी जमलेली. तिथं मलकापूरचा बॉडीचा कारखानदार आणि त्याच्याबरोबर एक पेंटर येऊन सांगतात, की पोरगी चांगली आहे, आम्ही खात्री देतो, ती आमच्याकडे कधीच आली नाही, मंगळसूत्र आमच्या हातानं घातलं, म्हणजे रंगानं. जितकं समजावलं तितकं चिघळलं. झुंबरबाईला आधी एकच शंका होती, हे दोघं परत निघाले तेव्हा सगळ्या गावाला दहा शंका होत्या. दोन परके पुरुष ज्या मुलीची साक्ष द्यायला इतक्या लांब येतात, ती मुलगी कशी असेल? भगवानराव चांगल्या मनानं गेले होते. त्यांच्या चांगल्या मनानं तिचं लग्न कायमचं मोडलं.

पुढची स्थळं यायची ती पाहायला यायची, घ्यायला नाही. "थे डब्यावरची हेच काय?" असं अंगणात उभं राहून विचारायची. दोन वर्षांनी वडिलांनी स्थळं पाहणं सोडलं.

भगवानराव म्हणाले होते, की छापलेला स्टॉक संपला की चित्र बदलतो. पण झालं असं, की माल धडाधड खपू लागला. बायका आता फूल विसरल्या आणि 'बाईवाली' मागू लागल्या. त्या चेहऱ्यात असं काही होतं, की बाजारात पुरुषाच्या हातून डबा घेताना बाईला धीर यायचा. मग तो स्टॉक संपेचना. भगवानरावांना मनातून टोचत होतं, म्हणून त्यांनी त्यांच्या परीनं भरपाई केली. सुवर्णाला कारखान्यात कायमची नोकरी दिली. पॅकिंगमध्ये!

म्हणजे सकाळी यायचं, आपल्याच चेहऱ्याचे पुठ्ठे घडी घालून डबे करायचे, त्यात बॉडी भरायची, आणि गठ्ठा बांधायचा. ती का आली कामाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. घरात वहिनीचं राज्य होतं आणि तिला दोन वेळा जेवायचं होतं, म्हणून आली. मीही मागोमाग त्याच खात्यात लागले. पहिल्या दिवशी मी पाहिलं, की ती घडी घातलेला प्रत्येक डबा टेबलावर पालथा ठेवते. मी माझे पालथे ठेवू लागले. मग टेबलावरच्या सगळ्याच. नवी मुलगी कामावर आली की तिला पहिली गोष्ट शिकवली जायची, "डबा पालथा ठेव." एवढीच आमची पॅकिंगची शिस्त.

आठएक वर्षांनी जमाना बदलला. गावोगाव टीव्ही आले, केबल आली. भगवानरावांचं वय झालं होतं आणि प्रेमशेठ गादीवर बसू लागले होते. त्यांनी वहिनीसारखी बाई काढून टाकली आणि एका परदेशी मासिकातली गोरी बाई आणली. खांदे उघडे, केस पिवळे. नाव केलं, 'मिस सौभाग्या'. मिस आणि सौभाग्या एकाच बाईला कसं लागू पडतं, हे मी विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं, की समताबाई, तुम्ही पॅकिंग बघा.

मला वाटलं, सुवर्णा त्या दिवशी सुटली म्हणेल. मी तिच्यासाठी पेढे नेले होते. तिनं नवा डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "इले तरी कोनं इचारलं असंन काय वं?" मी पेढे तसेच घरी नेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 'मिस सौभाग्या'च्या मागून लेस आली, फोम आला, हँगरवर लटकणारा माल आला. कासार गेला, मॉल आला. आधी बाई कागदात गुंडाळून न्यायची, मग काळ्या पिशवीत नेऊ लागली, आता फोनवर मागवते आणि घरपोच आणणाऱ्या मुलाला दारात उभं करून फाडून बघते. मला त्याचा आनंदच आहे. माझ्या मुलीला आपलं माप माहीत आहे, मला तिसाव्या वर्षापर्यंत नव्हतं. काळ वाईटच आला, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मला वाईट वाटतं ते एका बाईचं, आणि त्याला काळ जबाबदार नाही.

या सगळ्या वर्षांत सुवर्णानं एकही फोटो काढून घेतला नाही. कारखान्याच्या दर वर्षीच्या ग्रुप फोटोत ती नाही. फोटोच्या वेळी ती सगळ्यांच्या पर्सा धरून उभी राहायची. भाच्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती नाही, ती आत पोळ्या लाटत असायची. आधारच्या फोटोला मी तिला हाताला धरून नेलं, तेव्हा त्या खुर्चीवर ती सारखी तोंड फिरवत होती, आणि मशीनवरचा पोरगा म्हणत होता, "मावशी, हालू नका."

मागल्या वर्षी प्रेमशेठनी ब्रँड मुंबईच्या कंपनीला दिला. नाव आता 'सोबा'. अर्थ विचारू नका, मी विचारला होता. दिवाळीच्या आधी त्या कंपनीच्या पूनम मॅडम कॅमेरेवाल्यांना घेऊन आपलं काम टिपायला आल्या. कॅमेरेवाल्यानं विचारलं, डबे पालथे का ठेवता, नाव दिसत नाही. पोरी म्हणाल्या, इथं असंच ठेवतात. चेहरा बदलून पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी हात पालथेच ठेवत होते, आणि का ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा शिलाईतल्या एका जुन्या बाईनं भोळेपणानं सांगून टाकलं, की पूर्वी त्यावर सुवर्णाबाईचं तोंड होतं म्हणून.

पूनम मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, मी समोर होते. त्यांनी सुवर्णाला मिठी मारली, पाया पडल्या. सुवर्णा नंतर मला म्हणाली, "पोरगी मायाळू हाय वं." त्या मायाळू पोरीला तिनं एवढंच सांगितलं होतं, की मले फोटो काढलेला चालत नाही. मॅडम म्हणाल्या, तुमचा फोटो कोणी काढणार नाही. मॅडम, तुम्ही शब्द पाळलात. फोटो कोणी काढला नाही. प्रेमशेठच्या माळ्यावर गजेंद्रचं मूळ चित्र पडलं होतं, ते नेलंत.

आणि आता ते माझ्या पाठीमागं आहे. मघाशी दीपप्रज्वलन झालं, टाळ्यांच्या गजरात पडदा सरकला, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. पंधरा फूट उंच. सुवर्णा तिथंच बसली होती, तिला पाठीमागं वळून बघावं लागलं. तिला निमंत्रण होतं ते निरोपाचं. शाल मिळेल, नारळ मिळेल, आपल्या बायकांबरोबर शेवटचं जेवण होईल, एवढ्यासाठी ती आली. आपला चेहरा पुन्हा बाजारात निघाला आहे, हे तिला त्या पडद्यानं सांगितलं. दारात तुमच्या प्रत्येकाच्या हातात जी कापडी पिशवी दिली, तिच्यावरही तेच आहे. काहींनी ती मांडीवर घेतली आहे, काहींनी त्यात मुलाचं दूध ठेवलं आहे.

चित्रात थोडी सुधारणा आहे. मंगळसूत्र पुसून टाकलं आहे आणि डोळ्यांवर लाल गॉगल चढवला आहे. मॅडमनी मला समजावून सांगितलं, की मंगळसूत्र हे त्या काळचं बंधन होतं, आम्ही या बाईला त्यातून मोकळं केलं. मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे. भगवानरावांचाही चांगलाच होता. पण ते मंगळसूत्र तिचं कधी नव्हतंच, आणि हा गॉगलही तिचा नाही. त्या चित्रात तिचं स्वतःचं असं जे होतं ते डोळ्यांत होतं, आणि तुम्ही नेमके तेच झाकलेत.

चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'माझी मर्जी'. तुमच्या नव्या जाहिरातीचं ते वाक्य आहे म्हणे. बायकांना आपल्या शरीराविषयी स्वतःची मर्जी असावी. मला मान्य आहे, मी तर त्यासाठी भांडत आले. मग ज्या बाईच्या तोंडाखाली हे लिहिलं, तिची मर्जी काय, हे कोणाला सुचू नये?

मी मघाशी प्रेमशेठना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "समताबाई, चित्र ब्रँडचं आहे, ब्रँडबरोबर गेलं." कायद्यानं त्यांचं बरोबर असेल. मला कायदा कळत नाही. मला राग आला आहे, आणि वाईटही फार वाटतं आहे, कारण मला माहीत आहे की मी इथं कितीही बोलले तरी गोदामातल्या पिशव्या परत जाणार नाहीत. मी उद्यापासून बिनकामाची बाई आहे. माझं कोण ऐकणार?

मी बोलायला उठले तेव्हा सुवर्णानं माझा पदर धरला आणि म्हणाली, "तूच बोल वं. मले माईकवर नाही जमत." पण काय बोलू, ते तिनं सांगितलं नाही. मीही गृहीत धरलं, की मला ठाऊकच आहे. आत्ता बोलता बोलता माझ्या ध्यानात येतं आहे, की गजेंद्रनंही असंच गृहीत धरलं होतं. तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन, सगळ्या सभेसमोर, मी तिलाच विचारते.

सुवर्णा, इकडे पाह्य. माह्याकडे पाह्य, लोकायकडे नोको पाहू. थे मांगचं चित्र तुवं हाय. हे लोक थे डब्यावर, पिशवीवर, फोनवर, सगयीकडे छापणार हायेत. छापू द्याचं काय?

घाई नाही वं. जेवण थांबीन.

मागच्या बाजूला जरा शांतता ठेवा.

माईक तिच्यापासून लांब होता, मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी मोठ्यानं सांगते. सुवर्णा नारखेडे म्हणाल्या, "नोको."

पूनम मॅडम, माझ्यानंतर तुमचं भाषण आहे. तुम्ही काय बोलाल ते मला ठाऊक नाही. अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आणि माझ्या बायांनो, आपण एवढा वेळ बसून ऐकलंत, त्याबद्दल मी सगळ्यांची मनापासून आभारी आहे. निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर ती चूक माझी आहे, थोर मनानं पोटात घाला. 'नोको' तेवढं तिचं आहे. त्याची माफी मी मागत नाही.